मोटरचं गेट पुन्हा पुन्हा मध्येच अडतंय? आधी मोटर सोडवून बघा

तक्रार ठरलेली असते. "परवाच दुरुस्त करून गेलात, आज परत तेच." गेट वर जाताना अर्ध्यावर थांबतं, नाहीतर खाली येता येता जमीन हातभर उरली की अचानक मागे फिरतं. मिस्त्री येतो, पेटीचं झाकण उघडतो, कार्डावरचा, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीवरचा, फोर्सचा (मोटरचा जोर ठरवणारा) स्क्रू किंचित फिरवतो. गेट चालू लागतं. पंधरा दिवस बरे जातात आणि परत फोन येतो.

मीसुद्धा सुरुवातीला हेच करत होतो. रस्त्यावर आडवी येणारी चार मीटरची दांडी, म्हणजे बूम बॅरिअर होतं. वर जाताना ते मध्येच अडकायचं. पहिल्या खेपेला फोर्स थोडा वाढवला, दुसऱ्या खेपेला आणखी थोडा. तिसऱ्या खेपेला स्क्रू टोकाला टेकला. चौथ्या खेपेला गेलो तेव्हा मोटर मजेत फिरत होती आणि दांडी जागची हलत नव्हती. गिअरबॉक्समधल्या पितळी चाकाचे दात साफ झाले होते. कारण दांडीच्या टोकाला लटकत होतं: कोणीतरी हौसेने तिथे 'थांबा' लिहिलेली पत्र्याची गोल पाटी बांधली होती. चारही खेपांना ती पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. कार्ड सगळ्यात शेवटी, मोटर त्याच्या आधी, आणि सगळ्यात पहिल्यांदा मोटर सोडवून गेट हाताने चालवून बघायचं.

वजन मोटर उचलत नाही

वर उचललं जाणारं कुठलंही गेट घ्या, आडवी दांडी असो किंवा ट्रॅकमधून छताकडे सरकणारा दरवाजा. त्याचं वजन स्प्रिंग पेलते. काही ठिकाणी स्प्रिंगऐवजी मागच्या बाजूला वजन टांगलेलं असतं, तत्त्व तेच. मोटरचं काम एवढंच, की आधीच तोललेली वस्तू इकडून तिकडे न्यायची. ८० किलोचा दरवाजासुद्धा स्प्रिंग नीट असेल तर एका हाताने वर जातो. तोल बिघडला की उरलेलं सगळं वजन मोटरवर पडतं. ती करंट जास्त खेचते, कार्डाला वाटतं काहीतरी मध्ये आलं, आणि ते गेट थांबवतं. म्हणजे कार्ड आपलं काम चोख करत असतं. आपण मात्र त्याचाच कान पिळतो.

पाटीचा हिशेब नंतर बसून केला. दांडीचं वजन ५ किलो धरा, लांबी ४ मीटर. वजन लांबीभर सारखं पसरलेलं आहे, म्हणजे ते सगळं मधोमध, २ मीटरवर आहे असं मानायचं. भार झाला १० किलो-मीटर. आता ३०० ग्रॅमची पाटी टोकाला, म्हणजे ४ मीटरवर बांधली की १.२ किलो-मीटर वाढले. हातात धरली तर जाणवणारही नाही अशी पाटी, पण स्प्रिंगवर १२ टक्के जादा बोजा. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या, दिव्यांची माळ, खाली लोंबणारी जाळी, टोकाला बांधलेला झेंडा, सगळ्याचा हिशेब असाच. उलटही होतं. दांडी एखाद्या गाडीने मोडते, नवी दांडी थोडी आखूड कापून बसवतात आणि स्प्रिंगला कोणी हात लावत नाही. मग दांडी वर फटकन जाते, थांब्यावर आपटते आणि खाली यायला कुरकुरते.

तोल कसा तपासायचा

आधी मेन स्विच बंद करा. बॅटरी बॅकअप असेल तर तिचीही वायर काढा. ही दुसरी पायरी लोक हमखास विसरतात आणि हात आत असताना गेट चालू होतं. गेटखाली कोणी उभं राहणार नाही एवढं बघा.

बूम असेल तर किल्लीने क्लच सोडा आणि दांडी हाताने ४५ अंशांवर आणून अलगद हात काढा. दांडी तिथेच राहिली किंवा अगदी सावकाश सरकली तर तोल ठीक. धाडकन खाली आली तर स्प्रिंग कमी पडतेय, उसळून वर गेली तर जास्त झालीय. स्प्रिंगचा नट थोडा थोडा, एकेक फेरा फिरवून पुन्हा बघा. एकदम पाच फेरे देऊ नका. मात्र दांडी काढायची वेळ आली तर ती उभी असतानाच काढायची. आडव्या स्थितीत स्प्रिंग पूर्ण ताणलेली असते. तशात दांडी सोडवली तर पेटीचा दांडी धरणारा रिकामा लोखंडी हात एवढ्या जोरात उसळतो की समोरच्याचा जबडा मोडावा.

ट्रॅकवरचा दरवाजा असेल तर आधी तो पूर्ण खाली आणून मगच दोरी ओढून मोटरपासून सोडवा. वर असताना सोडवला आणि स्प्रिंग तुटलेली निघाली, तर सगळा दरवाजा अंगावर येईल. सोडवल्यावर हाताने अर्ध्या उंचीपर्यंत न्या आणि हात हलका करा. जागेवर थांबला पाहिजे. उचलायलाच जड लागला तर वर दांड्यावर गुंडाळलेल्या स्प्रिंगकडे बघा. तुटलेल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत दोन-चार बोटांची फट स्पष्ट दिसते. ही स्प्रिंग बदलणं किंवा पिळणं ज्याच्याकडे योग्य लोखंडी गज आणि सराव आहे त्याचंच काम. पाना किंवा स्क्रूड्रायव्हर घालून पिळण्याचा प्रयोग करू नका. यात मी एरवीच्या "सांभाळून करा" या सल्ल्यावर थांबत नाही, सरळ "करूच नका" म्हणतो.

स्प्रिंगला आयुष्य असतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. घरगुती दरवाजाची साधी पिळाची स्प्रिंग साधारण १०,००० फेऱ्यांसाठी बनवलेली असते. एकदा उघडणं आणि बंद होणं मिळून एक फेरी. दिवसाला ४ फेऱ्या झाल्या तर २,५०० दिवस, म्हणजे जवळजवळ ७ वर्षं. तोच दरवाजा दुकानाच्या मालाच्या गाड्यांसाठी दिवसातून ४० वेळा उघडला तर २५० दिवसांत खेळ संपला. "अजून वर्षही झालं नाही हो" ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी विचारतो, दिवसातून किती वेळा उघडता?

हाताने चालवताना काय जाणवतं

तोल ठीक निघाला तरी लगेच मोटर जोडू नका. गेट दोन-तीनदा वर-खाली करा आणि हाताला कुठे जड लागतं ते बघा. जड लागेल तिथे खडूने खूण करा. मग मोटर जोडून गेट ज्या जागी अडतं तिथे दुसरी खूण करा. दोन्ही खुणा एकाच जागी आल्या तर दुखणं लोखंडात आहे: वाकलेला ट्रॅक, झिजलेला रोलर, सुकलेली बिजागरी, बूमच्या पेटीत घासणारा हात. पत्र्याच्या ट्रॅकला एखाद्या गाडीचा ओझरता धक्का लागून तीन-चार मिलिमीटरची चेप पडली तरी गेट अडायला तेवढी पुरते.

दरवाजाच्या दोन बाजूंच्या तारेच्या दोऱ्याही याच वेळी बघून घ्या, विशेषतः खालच्या कोपऱ्यात, जिथे ओल साचते. एखाददुसरी तार सुटून काट्यासारखी बाहेर आली असेल तर दोर बदलायची वेळ झाली. एका बाजूचा दोर ढिला पडला की दरवाजा तिरका होऊन ट्रॅकमध्ये अडकतो.

आणि कृपा करून ट्रॅकला ग्रीस थापू नका. रोलरच्या बेअरिंगला, बिजागरीला, स्प्रिंगला हलकं तेल चालतं. ट्रॅक मात्र कोरड्या फडक्याने पुसायचा. ग्रीस लावलेल्या ट्रॅकमध्ये धूळ बसून सहा महिन्यांत काळी चिकट खळ तयार होते आणि रोलर फिरायचं सोडून घसरायला लागतो. थंडीत ही खळ घट्ट होते. मग "सकाळी पहिल्यांदा अडतं, नंतर दिवसभर चालतं" अशी तक्रार येते.

कधी अडतं, हे लिहून ठेवा

पुन्हा पुन्हा येणाऱ्या दुखण्याला मीटरपेक्षा वही जास्त कामाला येते. गेटजवळ एक वही ठेवायची आणि तिथे जो बसतो त्याला सांगायचं, अडलं की वेळ लिही, वर जाताना की खाली येताना ते लिही, ऊन होतं की पाऊस ते लिही. आठवड्याची पानं समोर आली की निम्मं निदान झालेलं असतं. फक्त वर जाताना अडतं तर तोल, स्प्रिंग किंवा मोटरची ताकद. फक्त खाली येताना मागे फिरतं तर बहुतेक वेळा सेन्सर किंवा लूप (गाडी ओळखायला रस्त्यात पुरलेली वायर). दुपारी लागोपाठ वापर झाल्यावर अडतं आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होतं, तर मोटर तापून आतला थर्मल स्विच (तापल्यावर वीज तोडणारा) उघडतोय. पावसातच होतं तर जमिनीखालच्या वायरी.

एका ठिकाणी वहीत सलग पाच दिवस संध्याकाळी साडेपाच ते सहाच्या मधल्याच नोंदी होत्या. त्या वेळी मावळतीचं ऊन सरळ सेन्सरच्या डोळ्यात शिरत होतं. हे सेन्सर जोडीने असतात, एक किरण पाठवतो, दुसरा घेतो. घेणाऱ्यावर थेट ऊन पडलं की त्याला पाठवणाऱ्याचा किरण दिसेनासा होतो आणि कार्डाला वाटतं, मध्ये माणूस उभा आहे. उपाय फुकटचा निघाला. दोन्ही सेन्सरच्या जागा अदलाबदल केल्या, घेणाऱ्याची पाठ उन्हाकडे झाली. त्याआधी तिथे दोन कार्डं बदलून झाली होती.

सेन्सरच्या बाकीच्या भानगडी किरकोळ असतात पण फार छळतात. काचेवर धूळ, कोळ्याचं जाळं, समोर वाढलेली गवताची काडी वाऱ्यावर हलतेय, कोणाच्या पायाचा धक्का लागून खांब जरा वळलाय. ओल्या फडक्याने काच पुसा आणि समोरासमोर नीट बसवा. बहुतेक सेन्सरवर छोटा दिवा असतो. गेट चालू असताना तो लुकलुकत असेल तर थरथरीने तोंड फिरतंय, स्क्रू आवळा.

तपासणीसाठी सेन्सरचं टर्मिनल वायरचा तुकडा टाकून जोडता येतं, म्हणजे कार्डाला सगळं मोकळं आहे असं वाटतं. खरं निदान होतं यात शंका नाही. पण हे पाच मिनिटांसाठी, स्वतः समोर उभं राहून. तो तुकडा तसाच ठेवून "चालू करून दिलं" म्हणणारे मी पाहिलेत. कित्येक जुन्या पेट्यांमध्ये असा तुकडा वर्षानुवर्षं बसलेला सापडतो आणि सेन्सर नुसते शोभेला उभे असतात. पेटी उघडल्यावर तो आहे का हे सगळ्यात आधी बघा.

जमिनीतला लूप

गाडी येण्या-जाण्याच्या गेटला रस्त्यात चर मारून वायरचे वेढे पुरलेले असतात. गाडीचं लोखंड वर आलं की वेढ्यांचं इंडक्टन्स बदलतं आणि डिटेक्टरला गाडी कळते. इथल्या चुका बाहेरून दिसत नाहीत, म्हणून दोष उगाच मोटरवर जातो.

पावसात रस्ता तापून-भिजून चरावरचा डांबराचा थर फुटतो आणि पाणी वायरच्या कातडीपर्यंत पोचतं. मग गाडी नसताना गाडी "दिसते" आणि दांडी खाली यायला तयार होत नाही. लूपची दोन्ही टोकं डिटेक्टरपासून सोडवा. साध्या मीटरने दोन टोकांमधला रोध बघा, एक-दोन ओहमच्या आत असावा. नंतर ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं कातडं तपासायच्या मीटरने) वायर आणि जमीन यांच्यामधला रोध मोजा. १० मेगाओहमच्या वर हवा. खूप खाली निघाला तर नवा लूप घालण्याला पर्याय नाही. जोड देऊन वेळ मारून नेता येते, पुढच्या पावसापर्यंत.

लूपपासून पेटीपर्यंत येणाऱ्या दोन वायरी एकमेकींना पिळलेल्या असाव्या लागतात, मीटरला निदान २० पीळ. सुट्या सोडल्या तर त्या स्वतःच अँटेना होतात आणि शेजारच्या विजेच्या केबलची खरखर उचलतात. शेजारी दुसरी लेन असेल आणि तिथे गाडी आली की इथली दांडी हलत असेल, तर दोन्ही लूप एकाच फ्रिक्वेन्सीवर आहेत. डिटेक्टरवरच्या छोट्या खटक्यांनी एकाची बदला. गेट लोखंडी असेल तर त्याच्या हलत्या पत्र्यापासून लूप मीटरभर तरी दूर हवा, नाहीतर गेट स्वतःलाच गाडी समजतं.

मोटर आणि वीज

आता कुठे मोटरची पाळी. सिंगल फेजची मोटर नुसती गुणगुणत असेल, फिरत नसेल आणि हाताने जरा मदत केल्यावर चालू लागत असेल, तर कपॅसिटर बघा, म्हणजे मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा डबा. हा भाग बहुतेकदा एकदम मरत नाही, हळूहळू अशक्त होतो. म्हणूनच तक्रार कधी येते, कधी जाते. अंगावर २० मायक्रोफॅरड लिहिलंय आणि मीटर १४ दाखवतोय तर बदला, त्याच आकड्याचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा. हात लावायच्या आधी त्याच्या टोकांना रेझिस्टर जोडून तो रिकामा करा. मेन बंद केलं तरी त्यात वीज साठलेली राहते.

२४ व्होल्टच्या डीसी मोटरचा एक घोळ मला कितीतरी उशिरा कळला. पेटीत मीटर लावला की पूर्ण २४ व्होल्ट दिसतात, मोटरच्या टर्मिनलवर लावला तरी २४. तरी मोटर दमते. मोजत होतो मोटर थांबलेली असताना! कार्ड ४० मीटर लांब होतं आणि मध्ये १.५ चौरस मिलिमीटरची वायर. जाऊन-येऊन ८० मीटर तांबं म्हणजे जवळजवळ ०.९२ ओहम. मोटर सुरू होताना १० अँपिअर खेचते, म्हणजे ९ व्होल्ट वाटेतच संपतात आणि मोटरला मिळतात पंधरा. ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर हाच तोटा साडेतीन व्होल्टपर्यंत येतो. त्यामुळे व्होल्टेज नेहमी गेट चालू असताना, अडणाऱ्या क्षणी मोजायचं. तोपर्यंत ढिलं टर्मिनल, काळवंडलेला जोड, अर्धवट कापलेली वायर, यांपैकी काहीच उघडं पडत नाही. बॅटरी बॅकअपचंही तसंच. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या मालिकेत असतात, त्यातली एक मेलेली असली तरी निवांत असताना आकडा बरा दिसतो. मेन बंद करून गेट चालवा आणि तेव्हा बघा.

थर्मल स्विचमुळे थांबणारी मोटर मात्र बहुतेकदा निर्दोष असते. घरगुती वापराची मोटर गर्दीच्या गेटला लावलेली असते. तिच्या पाटीवर तासाला किती फेऱ्या किंवा किती टक्के वेळ चालवायची ते लिहिलेलं असतं. ते न वाचता कपॅसिटर, ग्रीस, पंखा यांवर पैसे घालवू नका.

लिमिट, रिमोट आणि शेवटी कार्ड

गेट थांबायच्या जागा रोज थोड्या सरकत असतील तर लिमिटच्या कॅमचा (गेट कुठे थांबायचं ते ठरवणाऱ्या चकतीचा) बारीक स्क्रू ढिला आहे, आवळा आणि रंगाचा ठिपका द्या, म्हणजे पुन्हा हलला तर दिसेल. एन्कोडर (मोटरचे फेरे मोजून जागा ओळखणारा भाग) असलेल्या गेटचा प्रवास मध्येच वीज गेल्याने तुटला, तर वीज आल्यावर पहिली फेरी ते सावकाश करतं, स्वतःची जागा शोधतं. तो बिघाड नाही, उगाच पेटी उघडू नका.

रिमोट जवळून चालतो, लांबून चालत नाही आणि सेल नवा आहे, तर रिसीव्हरजवळ अलीकडे कोणता एलईडी दिवा लावला ते विचारा. काही दिव्यांचे ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारे सर्किट) रिमोटच्याच फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात गोंगाट करतात. दिवा बंद करून बघितलं की लगेच कळतं.

इथवर काहीच सापडलं नाही तर कार्ड. त्यातही आधी मुंग्या, पालीची विष्ठा, हिरवट पडलेले टर्मिनल. वायर आत येते ते भोक उघडं असेल तर ओल आणि किडे दोन्ही तिथूनच येतात. साफ करून भोक बुजवल्याशिवाय नवं कार्ड बसवलं, तर त्याचीही तीच गत.

दुरुस्तीनंतर फोर्सचा स्क्रू परत खाली आणायचा. आधीच्या माणसाने, म्हणजे बऱ्याचदा मीच, वाढवून ठेवलेला असतो. गेट जेमतेम चालेल इतका कमी करा, मग किंचित वर. ट्रॅकवरच्या दरवाजाखाली साधारण ३८ मिलिमीटर जाडीची लाकडी फळी आडवी टाका आणि दरवाजा बंद करा. फळीला टेकल्यावर तो मागे फिरलाच पाहिजे. माणूस दरवाजाखाली अडकण्यापासून वाचवणारी व्यवस्था अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती दरवाजांच्या मोटरींना कायद्यानेच सक्तीची झाली, आणि ती आधी न होण्याची किंमत लहान मुलांनी मोजली होती. बूमखाली फळी टाकून उपयोग नाही. दांडी खाली येत असताना तळव्याने अडवून बघा, एका हाताने सहज थांबली पाहिजे.

आता वहीत तारीख टाका, स्प्रिंगचा नट किती फेरे फिरवला आणि फोर्सचा स्क्रू कुठल्या आकड्यावर ठेवला ते लिहा. पुढच्या खेपेला तो आकडा वाढलेला दिसला, तर मधल्या काळात कोणीतरी पेटी उघडलेली आहे.